रांगड्या प्रेमाचा साचा

शुभेच्छापत्रं छापणाऱ्या हॉलमार्क कंपनीची अमेरिकेत एक वाहिनी आहे. २००९ पासून ही वाहिनी दरवर्षी नाताळचे प्रेमपट दाखवते, आणि अलीकडे ऑक्टोबर सरत आला की ते सुरू होतात. एकेका हंगामात कित्येक नवे चित्रपट येतात. एकेकाचं चित्रीकरण पंधरा-एक दिवसांत उरकतं, बहुतेक वेळा कॅनडात, पुष्कळदा भर उन्हाळ्यात खोटा बर्फ पसरून. गोष्ट ठरलेली असते. मोठ्या शहरात नोकरी करणारी, शिकलेली मुलगी काही निमित्तानं लहान गावात येते. तिथं चौकड्यांचा शर्ट घातलेला, हातानं काम करणारा, मनानं निर्मळ पुरुष तिला भेटतो. शेवटाकडं एक गैरसमज होतो, तो मिटतो आणि दिव्यांच्या झाडाखाली दोघं एकत्र येतात. दोघांच्या मध्ये उभं राहील असं खरं काहीच नसल्यामुळं त्यांच्या एकत्र येण्याचा आनंदही होत नाही. हीच या चित्रपटांबद्दलची जुनी तक्रार आहे.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला हा साचा अनोळखी वाटण्याचं कारण नाही. बर्फाच्या जागी ऊस, चौकड्यांच्या शर्टाच्या जागी लंगोट आणि नाताळच्या जागी दिवाळीचा महाएपिसोड ठेवला की गेल्या दहा वर्षांत आमच्या नावावर खपलेली मराठी प्रेममालिका तयार होते. या मालिकांवर आमच्या भागातल्या लोकांनी मनापासून प्रेम केलं, आपलं गाव पडद्यावर दिसतंय म्हणून अभिमान बाळगला. म्हणून तर त्यांनी काय दिलं आणि काय दडवलं, हे स्पष्ट बोलायला हवं.

सुरुवात ‘तुझ्यात जीव रंगला’पासूनच करावी लागते. झी मराठीवर ही मालिका ३ ऑक्टोबर २०१६ ला सुरू झाली आणि जानेवारी २०२१ पर्यंत चालली. चित्रीकरण करवीर तालुक्यातल्या वसगड्यात व्हायचं आणि तिथला वाडा बघायला लांबून लांबून गाड्या भरून माणसं यायची. शाळा न शिकलेला, शेती आणि तालीम एवढंच जग असलेला राणादा आणि गावात आलेली शिक्षिका अंजली पाठक ही जोडी. पहिल्या काही महिन्यांत या मालिकेत जीव होता, हे कबूल केलं पाहिजे. हार्दिक जोशीनं राणाचं अंग फार नेमकं उभं केलं होतं. आखाड्यात बेधडक असणारा हा गडी बाईमाणसासमोर आला की खांदे आत घ्यायचा, नजर जमिनीवर ठेवायचा आणि ‘पाठकबाई’ म्हणताना जणू परवानगी मागायचा. एवढ्या धिप्पाड माणसाला अक्षरांची आणि बाईची सारखीच भीती वाटावी, ही कल्पनाच सुंदर होती. अक्षया देवधरच्या अंजलीतही शहरी मुलीचा तोरा नव्हता. ‘चालतंय की’ हे राणाचं पालुपद महाराष्ट्रभर गेलं, ते त्यातल्या खऱ्या भाबडेपणामुळं.

पुढं त्यांचं लग्न झालं आणि गोष्ट संपली. मालिका मात्र चालूच राहिली. नंदिता वहिनीची कारस्थानं सुरू झाली, मग आणखी कारस्थानं, मग राणा नाहीसा झाला आणि त्याच्याच चेहऱ्याचा राजा राजगोंडा अवतरला. धनश्री काडगावकरनं वहिनी झकास रंगवली, पण प्रेमकथेतलं सगळं बळ एका कजाग जावेत साठवावं लागतं, तेव्हा प्रेमकथा मुळातच पोकळ होती असं समजावं.

ती पोकळी कशानं झाली, हे मालिकेतल्या आडनावांतच लिहिलेलं होतं. मुलगा गायकवाड, मुलगी पाठक. पश्चिम महाराष्ट्रात ही दोन आडनावं एका लग्नपत्रिकेत आली की दोन्ही घरांत काय काय बोललं जाईल, हे कुणाला शिकवायला नको. मालिकेनं हा सगळा पेच ‘शिकलेली आणि अडाणी’ एवढ्यावर आणून ठेवला. जातीचा उच्चार टाळला. हे सोयीचं होतं, पण कोल्हापूर हे शहर शाहू महाराजांचं आहे. १९१९ मध्ये त्यांनी संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, आणि आपल्या चुलतबहिणीचं लग्न इंदूरच्या होळकर घराण्यात ठरवून मराठा-धनगर सोयरीक आधी स्वतःच्या घरात मान्य केली. त्याच शहरात डिसेंबर २०१५ मध्ये घरच्यांच्या मर्जीविरुद्ध आंतरजातीय लग्न केलेल्या एका जोडप्याचा खून झाला. मालिका सुरू होण्याच्या जेमतेम दहा महिने आधीची ही घटना. आणि २०१६ च्याच एप्रिलमध्ये नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्यातलं प्रेम गोड वाटतं ते त्याच्याभोवतीचा धोका खरा आहे म्हणून. एकाच वर्षात मराठी प्रेक्षकासमोर दोन प्रेमकथा आल्या. एकीनं अडथळ्याचं नाव घेतलं. दुसरीनं त्याला वहिनीचा पदर नेसवला.

याच्या पुढच्या मालिकांत तर मुळातला जीवही कमी होत गेला. स्टार प्रवाहवर ऑगस्ट २०२० मध्ये ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ सुरू झाली. घर कोल्हापूरचं, शिर्के-पाटलांचं; कथा ‘के आपोन के पोर’ या बंगाली मालिकेची. त्या घरात वाढलेली, राबणारी गौरी आणि घरातला मुलगा जयदीप. मोलकरणीच्या पायरीवरची मुलगी सून होते, यात वर्गाचा प्रश्न उघडाच होता. तो चघळत चघळत मालिका इतकी लांबली की शेवटी नायक-नायिकेला पुनर्जन्म घ्यावा लागला, गौरी-जयदीपचे नित्या-अधिराज झाले. गिरिजा प्रभू आणि मंदार जाधव यांची मेहनत दिसते, पण पहिल्या जन्मात न सोडवलेला प्रश्न दुसऱ्या जन्मावर ढकलणं ही लेखनातली हार आहे.

मला जास्त हळहळ वाटते ती कलर्स मराठीवरच्या ‘जीव माझा गुंतला’ची. कन्नड ‘मिथुन राशी’वरून २०२१ मध्ये आलेल्या या मालिकेत नायिका अंतरा कोल्हापुरात रिक्षा चालवते. केवढी मोठी संधी होती! कोल्हापूरची रिक्षा म्हणजे नुसतं वाहन नव्हे. इथले रिक्षावाले लेकराला नटवावं तशी रिक्षा नटवतात, आरसे, झालरी, पाठीमागच्या काचेवरची अक्षरं, एकेकाचा थाट वेगळा. त्या बायका नसलेल्या जगात एक मुलगी रिक्षा घेऊन स्टॅंडवर रांगेत उभी राहते. सकाळी सातला कोण तिला भाडं देतं, कोण टाळतं, शेजारचा रिक्षावाला तिला नंबर देतो की दाबतो, रात्री महाद्वार रोडवरून एकटी परतताना ती काय करते, यातूनच प्रेमकथा उभी राहिली असती. मालिकेनं तिला खानविलकरांच्या श्रीमंत घरात सून म्हणून नेली आणि तिथल्या काकूच्या डावपेचांत अडकवली. रिक्षा प्रोमोपुरती उरली.

भाषेचंही असंच झालं. कोल्हापूरच्या मुली घरात, मैत्रिणींत ‘मी जातो’, ‘मी जेवलो’, ‘मी सांगतो की तुला’ असं सर्रास बोलतात. पुण्या-मुंबईच्या कानाला ते चमत्कारिक वाटतं, आम्हाला त्यात आपलेपणा आणि बरोबरी ऐकू येते. या बोलीतली नायिका प्रेमात पडली तर ती कशी बोलेल, हे ऐकायला मी आसुसलेला आहे. मालिकांत रांगडी बोली येते ती नायकाच्या, नोकराच्या आणि विनोदी मामाच्या तोंडी. नायिका बहुधा प्रमाण मराठीतच लाजते. ‘नाद खुळा’, ‘लई भारी’, ‘काटा किर्र’ एवढी तीन-चार नाणी खुळखुळवली की कोल्हापूर झालं, अशी समजूत करून घेतलेली दिसते. तांबडा-पांढरा, फेटा आणि रंकाळ्यावरून फिरणारा ड्रोन हे त्याच समजुतीचे बाकीचे भाग.

सणांचे महाएपिसोड तर जवळून बघण्यासारखे असतात. रविवारी संध्याकाळी एक-दोन तासांचा विशेष भाग. आधी आठवडाभर प्रोमो. घरातल्या सगळ्या बायका भरजरी साड्यांत, स्वयंपाकघरातसुद्धा. ओवाळणीचं ताट हातात घेतलेली नायिका उंबऱ्यावर येते, ताट निसटतं. ताट खाली पोचायच्या आत सासू, जाऊ, नणंद, नवरा, मोलकरीण असे सगळे चेहरे एकेक करून जवळून दिसतात, प्रत्येकाबरोबर धडाड् आवाज, नायिकेचा चेहरा तीनदा. मग जाहिराती. जाहिरातींनंतर ताट पुन्हा एकदा निसटतं. इतक्या वेळात दोन माणसं एकमेकांशी एक वाक्य मनापासून बोललेली नसतात.

बरं, सण तरी इथले असावेत. वटपौर्णिमा, मंगळागौर, दिवाळी, संक्रांत, मुंबईतल्या कुठल्याही सेटवर चालतील असे चार सण फिरून फिरून येतात. आमच्याकडं आषाढात पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत त्र्यंबोली टेकडीच्या पायऱ्यांवर नेऊन ओततात, ललिता पंचमीला त्याच टेकडीवर कोहळा फोडण्याचा सोहळा होतो, कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाच्या वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये मराठी नाताळ साजरा होतो. एखाद्या मराठी ख्रिस्ती घरातली मुलगी आणि तालमीतला मुलगा यांची गोष्ट नाताळात घडायला काय हरकत आहे? मी तरी अशी मालिका पाहिलेली नाही. जोतिबाचा डोंगर आला तो ‘दख्खनचा राजा जोतिबा’सारख्या पौराणिक मालिकेतून, प्रेमकथेतून नाही, चैत्र यात्रेत सासनकाठ्यांच्या गर्दीत, गुलालानं ओळख पुसलेल्या चेहऱ्यांत कुणी कुणाला शोधत असेल, हे कुणा लेखकाच्या मनात आलेलं दिसत नाही.

मंगळसूत्राचं तर विचारू नका. ते तुटणं, हरवणं, खलनायिकेच्या हाती लागणं यावर भागच्या भाग जातात. याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद केल्या आणि शासनानं तो आदर्श म्हणून राज्यभर कळवला. एक गाव दूरदर्शन संचाच्या पुढं निघून गेलं. वाहिन्यांचा प्रेक्षक मागास आहे, म्हणून मालिका मागास आहेत, हा बचाव त्या दिवशी निकालात निघाला.

कोल्हापूरला प्रेमकथा दाखवता येत नाही असंही नाही. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथंच जन्मली. त्याआधी बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. पण माझ्या मुद्द्याला सगळ्यात जवळचा आहे तो भालजी पेंढारकरांचा १९६५ चा ‘साधी माणसं’. सूर्यकांत आणि जयश्री गडकर यांचं लोहार जोडपं. ‘ऐरणीच्या देवा’ हे जगदीश खेबुडकरांचं गाणं सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आनंदघन’ या नावानं लता मंगेशकरांनीच त्याला चाल दिली. त्या गाण्यात बघा, नवरा-बायको एकमेकांच्या गळ्यात पडत नाहीत. भट्टी पेटलेली, भाता चालू, ऐरणीवर घाव पडताहेत आणि त्या कामाच्या लयीतच दोघांचा संसार ऐकू येतो. प्रेम हातांत आहे. राणादाच्या हातांत पहिल्या महिन्यांत हेच होतं. पुढं लेखकांनी त्याचे हात रिकामे करून टाकले. शेत आणि आखाडा मागं पडला, दिवाणखाना पुढं आला.

याला कारण केवळ आळस नाही. मालिका रोज लागते, एका भागाला बावीस-तेवीस मिनिटांचा ऐवज लागतो, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की तिघांच्याही डोक्यावरून निर्णय फिरतो. दिवाणखान्यात एका दिवसात अख्खा भाग निघतो. शेतात ऊन, पाऊस, बैल, बघे, सगळ्यांची वाट बघावी लागते. हे मला समजतं. पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे: आमच्या मालिकांना शेवट माहीत नसतो. हॉलमार्कच्या फिक्यातल्या फिक्या चित्रपटालाही २५ डिसेंबर ही तारीख पाळावी लागते आणि दोन तासांत उठावं लागतं. प्रेमकथेला मुदत हवी, तरच दोघांच्या न बोलण्याला काही किंमत येते. मराठीत हे जमलेलं आहे. सतीश राजवाडे यांची ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली; लोक तिला आजही विसरलेले नाहीत. दूरदर्शनच्या काळात तर तेरा भागांत गोष्ट सांगून मोकळं व्हायची रीतच होती.

मोरेवाडीला चित्रनगरी आहे. राज्य नाट्य स्पर्धेत घासून तयार झालेले नट आणि लेखक शहरात आहेत. वाहिनीनं वर्षातून एकदा तरी यांच्याकडून तेरा भागांची प्रेमकथा लिहून घ्यावी आणि दिवाणखान्याबाहेर चित्रित करावी. विषय शोधायला लांब जायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात छावणीत भेटलेली दोन माणसं घ्या. हेरवाडच्या ठरावानंतर पुन्हा कुंकू लावणारी आणि पुन्हा लग्नाचा विचार करणारी बाई घ्या. किंवा बीडकडून ऊसतोडीला आलेलं नवं जोडपं घ्या. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’ धरला जातो, उचल दोघांच्या नावावर एकत्र असते. पहाटे तीनला उसाच्या फडात उतरायचं, पालात अंधारात चूल पेटवायची, आणि त्या सगळ्यात एकमेकांची ओळख करून घ्यायची. ही गोष्ट नोव्हेंबरात, टोळ्या येतात तेव्हाच चित्रित करायला घ्यावी लागेल, आणि तेराव्या भागापर्यंत कारखान्याचा हंगाम संपून गाड्या परतीच्या वाटेला लागलेल्या असतील.