हरित रसायनशास्त्राचे अध्यापन व संशोधन : एक चिकित्सा

प्रस्तावना :

पदवी स्तरावरील रसायनशास्त्रात ‘हरित रसायनशास्त्र’ हे प्रकरण आता चांगलेच रुळले आहे. पॉल अनास्टास व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली बारा तत्त्वे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत ती क्रमवार लिहून गुण मिळवितात. परंतु त्याच विद्यार्थ्यासमोर एकच पदार्थ तयार करण्याच्या दोन पद्धती ठेवून ‘यांपैकी अधिक हरित कोणती व का ?’ असे विचारल्यास तो अडखळतो. ही उणीव केवळ विद्यार्थ्याची नाही. विषय ज्या रीतीने शिकविला जातो आणि त्या शिकविण्यावर ज्या रीतीने संशोधन होते, त्या दोन्हींत तिची मुळे आहेत. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याची चिकित्सा केली आहे.

हिशेबातून जन्मलेली विद्याशाखा :

बारा तत्त्वांच्या आधी या क्षेत्रात मापे आली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये अणुमितव्ययाची, म्हणजेच ॲटम इकॉनॉमीची, संकल्पना मांडली. अभिकारकांतील किती वस्तुमान अपेक्षित उत्पादितात उतरते, एवढाच तिचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी ई-फॅक्टर पुढे आणला. एक किलोग्रॅम उत्पादितामागे किती किलोग्रॅम टाकाऊ द्रव्य निर्माण होते, हे त्यावरून कळते. शेल्डन यांच्या मांडणीनुसार तेलशुद्धीकरणात हा आकडा ०.१ पेक्षाही कमी असतो, तर औषधनिर्मितीत तो २५ ते १०० किंवा त्याहूनही अधिक असू शकतो. ‘स्वच्छ’ समजला जाणारा उद्योग वस्तुमानाच्या हिशेबात अधिक टाकाऊ द्रव्य निर्माण करतो, हे आकड्यांशिवाय कधीच दिसले नसते. सारांश, हिरवेपणा हा एखाद्या पदार्थाच्या अंगचा गुण नसून तो तुलनेतून निघणारा निष्कर्ष आहे. अध्यापनात नेमकी ही तुलनाच गळून पडते.

असिटॅनिलाइडचे उदाहरण :

भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या कृतिगटाने महाविद्यालयांसाठी हरित प्रयोगांची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात रूढ पद्धत व हरित पद्धत शेजारी शेजारी दिल्या आहेत. ही मांडणी निश्चितच स्वागतार्ह आहे. अडचण निर्माण होते ती पुस्तिकेतील प्रयोग जर्नलमध्ये उतरताना. तेथे रूढ पद्धत मागे पडते आणि ‘हरित’ हे विशेषण तेवढे उरते.

ॲनिलिनपासून असिटॅनिलाइड तयार करण्याचा परिचित प्रयोग पाहावा. असेटिक ॲनहायड्राइड वापरल्यास अभिकारकांचे एकूण रेणुवस्तुमान ९३ + १०२ = १९५ होते. त्यांपैकी १३५ उत्पादितात येते, म्हणजे अणुमितव्यय सुमारे ६९ टक्के. ॲनहायड्राइडऐवजी जस्ताच्या भुकटीच्या सान्निध्यात असेटिक आम्ल वापरल्यास ही बेरीज ९३ + ६० = १५३ होते व अणुमितव्यय सुमारे ८८ टक्क्यांवर जातो. येथवर दुसरी पद्धत सरस ठरते आणि अध्यापन येथेच थांबते.

आता समजा, दुसऱ्या पद्धतीत आम्ल पाचपट मोल प्रमाणात घेतले, पहिल्या पद्धतीत ॲनहायड्राइड सममोल घेतले आणि दोन्हींत उत्पादन ९० टक्के मिळाले. पाणी, जस्त व आम्लाची पुनःप्राप्ती हिशेबाबाहेर ठेवल्यास पहिल्या पद्धतीचा ई-फॅक्टर सुमारे ०.६ येतो, तर दुसरीचा सुमारे २.२. शिवाय आम्लाचे मिश्रण दीर्घकाळ उकळावे लागते. ॲनहायड्राइडची अभिक्रिया मात्र पाण्यात, सामान्य तापमानालाही होऊ शकते. मग पहिलीच पद्धत हरित म्हणावी काय ? तसेही नाही. ॲनहायड्राइड दाहक आहे. शिवाय हेरॉइनच्या निर्मितीत त्याचा गैरवापर होत असल्याने भारतात त्यावर कायद्याने नियंत्रण आहे. उलट, उरलेले आम्ल परत मिळविता आले तर दुसऱ्या पद्धतीचा आकडा पुन्हा खाली येतो.

या प्रयोगाचे खरे शैक्षणिक मूल्य या ओढाताणीत आहे. एक माप एक उत्तर देते, दुसरे माप वेगळे उत्तर देते आणि निवड करणाऱ्याला आपली कारणे मांडावी लागतात. सिद्ध उत्तर हाती दिल्याने विद्यार्थ्याची ही संधीच हिरावली जाते.

संशोधन काय मोजते ?

बुर्माइस्टर, राउख व आइल्क्स यांनी २०१२ मध्ये रसायनशास्त्राच्या शिक्षणात शाश्वत विकास आणण्याचे चार मार्ग सांगितले : प्रयोगशाळेतील कृती हरित करणे, शाश्वततेची रसायने व प्रक्रिया हा आशय म्हणून शिकविणे, समाजातील वादग्रस्त प्रश्नांतून रसायनशास्त्र शिकविणे आणि संपूर्ण शिक्षणसंस्थेलाच या दिशेने घडविणे. यांपैकी पहिले दोन मार्ग सोयीचे आहेत. अभ्यासक्रमाची चौकट न हलविता त्यांचा अवलंब करता येतो. म्हणूनच बहुतेक ठिकाणी वाटचाल तेथेच थांबते.

संशोधनाची वारंवार आढळणारी पद्धतही या सोयीला पूरक आहे. पूर्वचाचणी घ्यावी, काही तासिका शिकवावे, उत्तरचाचणी घ्यावी, जोडीला अभिवृत्ती मापनश्रेणी भरून घ्यावी व सरासरीतील फरक सार्थ असल्याचे दाखवावे. शिकविल्यावर शिकविलेले आठवते आणि ‘पर्यावरण जपले पाहिजे’ या विधानाशी विद्यार्थी सहमत होतात, एवढेच अशा अभ्यासातून सिद्ध होते. अपरिचित अभिक्रियेसमोर विद्यार्थी कोणता निर्णय घेतो, हे त्यात मोजलेच जात नाही. महाफी, मेहता, मॅटलिन आदींनी २०१८ मध्ये प्रणालीविचाराचा आग्रह धरला. पाठोपाठ २०१९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या रसायनशिक्षणविषयक नियतकालिकाने या विषयावर विशेषांक काढला. अभिक्रिया चंबूत संपत नाही. कच्चा माल, ऊर्जा, कामगार व परिसर यांच्याशी ती जोडलेली असते, हे या विचाराचे सार आहे. मात्र मूल्यमापन स्मरणशक्तीचेच होत राहिले, तर हा विचारही तेरावे तत्त्व म्हणून पाठ केला जाण्याचा धोका आहे.

निर्णयाची किंमत :

हा प्रश्न केवळ गुणपत्रिकेपुरता नाही. भोपाळ येथे १९८४ मध्ये ज्या मिथाइल आयसोसायनेटच्या गळतीने हजारो बळी घेतले, ते कार्बारिल या कीटकनाशकाच्या निर्मितीतील मध्यस्थ संयुग होते. नॅफ्थॉल, फॉस्जीन व मिथाइल अमाइन हेच अभिकारक वेगळ्या क्रमाने वापरले, म्हणजे नॅफ्थॉलची फॉस्जीनशी अभिक्रिया आधी घडवून आणली, तर कार्बारिल तयार होते आणि मिथाइल आयसोसायनेट मध्ये येतच नाही. फॉस्जीनचा धोका तरीही उरतो, हेही तितकेच खरे. भोपाळची घटना अभ्यासक्रमात शोकांतिका म्हणून येते. अभिक्रियेच्या क्रमासंबंधीचा निर्णय म्हणून ती क्वचितच शिकविली जाते. तारापूर, लोटे, महाड वा पाताळगंगा येथील कारखान्यांत उद्या काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणाची गरज अधिक आहे.

समारोप :

मोठ्या तुकड्या, अपुरा वेळ व विद्यापीठाने ठरवून दिलेली प्रात्यक्षिके या महाविद्यालयांच्या अडचणी खऱ्या आहेत. तथापि तुलनेला नवे उपकरण लागत नाही. जर्नलमध्ये निरीक्षणे व उत्पादनाच्या टक्केवारीखाली अणुमितव्यय, ई-फॅक्टर आणि ‘बेसिनमध्ये काय ओतले ?’ अशा तीन ओळी वाढविता येतील. तोंडी परीक्षेत तत्त्वांची यादी विचारण्याऐवजी दोन पद्धतींतील निवडीचे समर्थन मागता येईल. संशोधकांनीही आठवणीऐवजी हे समर्थन तपासावे. बारा तत्त्वे सांगणारा विद्यार्थी आणि दोन वाईट पर्यायांतून कमी वाईट पर्याय कारणांसह निवडणारा विद्यार्थी यांत अंतर आहे. ते जोवर मोजले जात नाही, तोवर हरित रसायनशास्त्र अभ्यासक्रमात राहील, पण रसायनशास्त्रज्ञाच्या विचारात उतरणार नाही.