मातीचा किल्ला आणि प्रमाणाचा प्रश्न

१

दिवाळीच्या दिवसांत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत आणि आसपासच्या गावांतून जे मातीचे किल्ले उभे राहतात, त्यांचा विचार बहुधा बालक्रीडा किंवा लोकाचार या सदराखाली केला जातो. एका सैनिकी देखाव्याची प्रतिकृती म्हणून, म्हणजेच एक हेतुपूर्ण रचना म्हणून, त्यांची समीक्षा क्वचितच होते. ती जेव्हा होते तेव्हा स्पर्धेच्या परीक्षणाच्या निमित्ताने होते, आणि तेथे एक आक्षेप हटकून घेतला जातो : किल्ला प्रमाणात नाही. मावळा महादरवाजापेक्षा उंच आहे, महाराजांची मूर्ती बुरुजाहून मोठी आहे, गुहेतला वाघ तोफेला झाकून टाकतो आहे, असे हे आक्षेपाचे स्वरूप असते. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला व त्यांत पन्हाळाही आहे. त्यामुळे प्रतिकृती 'हुबेहूब' असावी ही अपेक्षा यापुढे अधिकच बळावणार हे उघड आहे. म्हणून हा आक्षेप एकदा नीट तपासून पाहणे इष्ट ठरेल.

प्रथम 'प्रमाण' हा शब्दच पाहावा. मराठीत त्याचे निदान तीन अर्थ प्रचलित आहेत. प्रमाण म्हणजे माप अथवा मापांचे परस्परनाते. प्रमाण म्हणजे पुरावा. आणि प्रमाण म्हणजे मान्यता पावलेला नमुना, जसे 'प्रमाणभाषा' या शब्दात. 'किल्ला प्रमाणात नाही' असे म्हणणारा परीक्षक पहिल्या अर्थाने बोलत असतो. पण बोलता बोलता तो दुसऱ्या अर्थाकडे सरकतो (ही प्रतिकृती इतिहासाला धरून नाही), आणि अखेरीस तिसऱ्यावर येऊन थांबतो (ही प्रतिकृती अशुद्ध आहे). बोलीतील रूप प्रमाणभाषेतील रूपाहून वेगळे दिसताच त्यास 'चूक' म्हणण्याची जी सवय भाषेच्या क्षेत्रात परिचित आहे, तिचेच हे दुसरे रूप होय.

२

ज्या नमुन्याशी मातीच्या किल्ल्याची जाणते वा अजाणतेपणी तुलना होते, तो नमुना पाश्चात्त्य देशांत छंद म्हणून विकसित झालेल्या लष्करी प्रतिकृतीचा आहे. या प्रकारात रणगाडा, विमान, सैनिक हे सर्व एकाच गुणोत्तराने लहान केलेले असतात. त्यांना रंग देऊन भूभागाच्या एका तुकड्यावर एखादा प्रसंग मांडला जातो. अशा मांडणीस 'डायोरामा' म्हणतात. हा शब्द ग्रीक धातूंपासून बनवलेला असून 'आरपार पाहणे' असा त्याचा मूळ भाव आहे. १८२२ मध्ये पॅरिसला दागेर आणि बूताँ यांनी प्रकाशाच्या साहाय्याने पालटत जाणारी भव्य चित्रे दाखविण्यास आरंभ केला, तेव्हा त्या खेळाला हे नाव मिळाले. म्हणजे ज्या शब्दाला आज काटेकोर मापाचा वास येतो, तो मुळात दृष्टिभ्रमाच्या एका प्रयोगाचे नाव होता.

या छंदातील पूज्य गुणोत्तरांचा इतिहासही उद्बोधक आहे. १:७२ हे गुणोत्तर इंचाला सहा फूट या इंग्रजी मापातून आले. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत सर्वमान्य झालेले १:३५ हे गुणोत्तर तर कोणत्याही गणिती विचारातून आलेले नाही. टॅमिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर या जर्मन रणगाड्याची चालणारी प्रतिकृती काढली. तिच्या पोटात मोटार व विजेरीचे सेल मावावेत एवढा आकार धरला गेला, आणि मागाहून मोजता ते माप साधारणतः पस्तिसाव्या हिश्श्याचे भरले. पुढे इतरांनी तेच स्वीकारले. एखादा उच्चार राजधानीत रूढ असतो एवढ्याच कारणाने तो शुद्ध ठरावा, तसा हा प्रकार आहे.

रंगकामातही हेच दिसते. निष्णात छांदिष्ट मूळ वाहनाचा रंग जसाच्या तसा वापरत नाही. लहान वस्तूवर तो अधिक गडद भासतो म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळतो. खाचांत पातळ काळपट रंग सोडून तो सावल्या मुद्दाम गहिऱ्या करतो, आणि जवळजवळ कोरडा कुंचला फिरवून कडा उजळतो. वितीएवढ्या सैनिकाच्या अंगरख्याच्या चुण्यांवर खऱ्या उजेडाची सावली पुरेशी पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. सारांश, जेथे मापाचा आग्रह सर्वांत कडक, तेथेही प्रत्यय आणून देण्यासाठी मापाला मुरड घालावीच लागते.

३

आता पन्हाळ्याचे गणित मांडून पाहावे. हा गड भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच आहे. १:३५ या गुणोत्तराने त्याची प्रतिकृती करावयाची तर ती ११ मीटरांहून उंच, म्हणजे तीन मजली घराएवढी होईल. उलट अंगणात मावेल असा एक मीटर उंचीचा गड केला, तर गुणोत्तर १:४०० होते, आणि त्या हिशेबाने पुरुषभर उंचीचा मावळा चार मिलिमीटरांचा, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढा करावा लागेल. तो कुंभाराच्या साच्यातून निघणार नाही. निघाला तरी त्याच्या हातातील भाला कोणास दिसणार नाही. डोंगर आणि माणूस या दोहोंना एकाच मापाने एकाच अंगणात बसविणे शक्य नाही.

ही अडचण कोल्हापुरातील पोरांच्याच वाट्याला आली असे नाही. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूच्या लढाईची जी प्रचंड प्रतिकृती तयार केली व १८३८ मध्ये लंडनला प्रदर्शित केली, ती आज तेथील राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. सायबोर्नने रणभूमीवर आठ महिने राहून पाहणी केली, लढाईत लढलेल्या अधिकाऱ्यांकडून शेकडो पत्रे मागविली, आणि मैलाला नऊ फूट या मापाने भूमी घडविली. हे गुणोत्तर साधारणतः १:५८७ असे येते. त्यानुसार सैनिक तीन मिलिमीटरांचा हवा होता. सायबोर्नने तो सुमारे दहा मिलिमीटरांचा, म्हणजे तिपटीहून मोठा केला, आणि माणसे वाढविल्यामुळे जागा अपुरी पडेल म्हणून साधारणतः दोन सैनिकांमागे एक बाहुली असा संकेत ठेवला. तरीही अशा सुमारे ७५,००० बाहुल्या त्यावर उभ्या राहिल्या. या प्रतिकृतीवरून मोठा वाद झाला, पण तो बाहुल्यांच्या उंचीवरून झाला नाही. प्रशियाचे सैन्य सायंकाळी सातच्या सुमारास कोठवर पोहोचले होते आणि विजयाचे श्रेय कोणाचे, यावरून तो झाला. म्हणजे प्रेक्षकांनी आकाराला संकेत म्हणून निमूटपणे स्वीकारले, आणि प्रतिकृतीने केलेल्या विधानाच्या सत्यासत्यतेबद्दल वाद घातला. समीक्षेची योग्य जागा तीच होय.

४

मातीच्या किल्ल्यातील आकारांना मग कोणता संकेत लागू आहे? त्याचे उत्तर शोधण्यास लंडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. करवीर तालुक्यातील बीड या गावी व कोल्हापूर परिसरात अन्यत्रही वीरगळ विखुरलेले आहेत. वीरगळावर बहुधा खालच्या कप्प्यात लढाई व वीराचे मरण, त्यावर अप्सरांनी त्यास स्वर्गी नेणे, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, असा क्रम असतो. लढाईच्या कप्प्यात वीर पुष्कळदा इतरांहून मोठा कोरलेला असतो. हे शिल्पकाराच्या डोळ्याचे अज्ञान नव्हे. येथे आकार अंतर दाखवीत नाही, योग्यता दाखवितो.

मराठी भाषेची घडणही अशीच आहे. 'मोठा माणूस' या शब्दप्रयोगात उंचीचा संबंध नसतो, आणि 'महत्त्व' या शब्दाच्या पोटात 'महत्', म्हणजे मोठे, हे विशेषणच बसलेले आहे. परंतु याहून सूक्ष्म पुरावा व्याकरणात आहे. 'मावळा उभा आहे' असे म्हणणारा मुलगा त्याच दमात 'महाराज बसले आहेत' असे म्हणतो. व्यक्ती एकच, पण क्रियापद अनेकवचनी. आदरार्थी अनेकवचनाला संख्येच्या दृष्टीने 'प्रमाणाबाहेर' म्हणून कोणी दोष देत नाही. कारण ते मोजणीसाठी नाहीच. गडाच्या माथ्यावर बुरुजाहून मोठी मूर्ती बसविणारा तोच मुलगा मातीत हेच आदरार्थी रूप चालवीत असतो. त्याला एका ठिकाणी व्याकरण म्हणावयाचे आणि दुसऱ्या ठिकाणी चूक म्हणावयाचे, ही विसंगती आहे.

५

तथापि यावरून मातीच्या किल्ल्यात सर्वच काही क्षम्य आहे असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. प्रत्येक बोलीला स्वतःचे व्याकरण असते, आणि म्हणूनच बोलीतही चुका होऊ शकतात. शब्दाचा आकार संकेताने ठरतो. वाक्यातील शब्दांचा अन्वय मात्र बिघडला की अर्थ बिघडतो. किल्ल्याच्या बाबतीत हा अन्वय म्हणजे तट, बुरूज, दरवाजा, वाट, पाणी आणि धान्य यांचे परस्परसंबंध. खरे दोष येथे सापडतात.

पहिला दोष दरवाजाचा. पाहणाऱ्यास सोयीचे व्हावे म्हणून दरवाजा समोर ठेवला जातो आणि रांगोळीने आखलेली सरळ वाट पायऱ्यांनी थेट सिंहासनापर्यंत नेली जाते. शिवकालीन दुर्गरचनेत महादरवाजा दोन बुरुजांच्या आड वळणावर लपविलेला असे; शत्रूला तो दुरून दिसू नये आणि हत्तीला धडक देण्यास सरळ धाव मिळू नये, हा त्या गोमुखी रचनेचा हेतू. समोरून सरळ वाटेचा किल्ला दिसण्यास देखणा असला तरी तो पहिल्याच दिवशी पडेल.

दुसरा दोष पाण्याचा. आरशाचा तुकडा ठेवून केलेले तळे शोभेपुरते कोठेही असते. पन्हाळ्यावरील अंधारबावडी मात्र विहीर असून तिच्याभोवती तीन मजली बंदिस्त इमारत आहे, कारण पाणी राखणे हाच गड राखण्याचा अर्धा भाग होता. अंबरखान्याच्या कोठारांचेही तेच. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड कित्येक महिने टिकला, याचे उत्तर तोफांइतकेच धान्याच्या व पाण्याच्या साठ्यात आहे. हे भाग ज्या प्रतिकृतीत नाहीत ती वेढ्याची गोष्ट सांगू शकत नाही, मग तिचे माप कितीही अचूक असो.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. गंगावेशीच्या किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मिळणाऱ्या मूर्तींत महाराज असतात, भालेकरी असतात, तोफा, वाघ, गवळण, भाजीवालीसुद्धा असते. शत्रू मात्र सहसा नसतो, आणि पडलेला मावळाही नसतो. पन्हाळ्यापासून विशाळगडापर्यंतचा जुलै १६६० मधील प्रसंग मांडावयाचा झाल्यास ही उणीव तीव्रतेने जाणवते. दोन गडांमधील पन्नासहून अधिक किलोमीटरांची वाट चार हातांत येते, बाजी प्रभू खिंडीत लढत असतानाच वर विशाळगडाची तोफ धडाडते. काळ व अंतर यांचा हा संकोच संकेत म्हणून सहज पटतो. पण खिंडीत बाजी प्रभू कोणाशी लढत आहेत ते दिसत नाही, आणि ते धारातीर्थी पडले हेही दिसत नाही. साच्यातला भालेकरी उभाच राहतो. वीरगळ कोरणाऱ्याने प्रतिपक्षही कोरला आणि वीराचे मरणही कोरले; दिवाळीच्या किल्ल्याने वीरगळाचा आकारसंकेत राखला, परंतु मृत्यू गाळला. सणाच्या मंगल वातावरणात हे स्वाभाविक आहे. तरीही, युद्ध दाखवीत असता त्याची किंमत न दाखविणे हा अर्थाचा दोष आहे, आणि काचेच्या कपाटात जळका रणगाडा ठेवून त्यातील माणसे न दाखविणारा पाश्चात्त्य छांदिष्टही त्यापासून मुक्त नाही.

याच प्रसंगातील शिवा काशीदचे उदाहरण अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. महाराजांचा वेष घेऊन शिवा काशीद दुसऱ्या पालखीतून गेला व शत्रूच्या हाती सापडून प्राणास मुकला, असे परंपरा सांगते. त्याला मातीच्या देखाव्यात आणावयाचे तर महाराजांच्या साच्यातील दुसरी मूर्ती वापरावी लागते. आणि मग हे महाराज नव्हेत, हे सांगण्यासाठी शेजारी नावाची चिठ्ठी लावावी लागते. ज्या चिन्हात आदर आकाराने व्यक्त होतो, त्याच चिन्हाने एका सामान्य माणसास राजाएवढे मोठे केले जाते. येथे साच्याची मर्यादाच अर्थाला उपकारक ठरली आहे. मापाच्या निकषाला या गोष्टीचा पत्ताही लागणार नाही.

६

या विवेचनावरून परीक्षणाची दिशा कोणती असावी हे स्पष्ट होते. मूर्ती दरवाजाहून उंच आहे काय, या प्रश्नास गुण देण्याचे कारण नाही. दरवाजा कोठे आहे व तो तेथे का आहे, पाणी कोठून येते, वेढा कोणी घातला, कोण पडले, हे प्रश्न करणाऱ्यास विचारावेत आणि त्याच्या उत्तरांवरून किल्ल्याचे मोल ठरवावे. हल्ली बाजारात तयार साच्याचे किल्ले विकत मिळतात. त्यांचे माप बहुधा घरच्या किल्ल्याहून नेटके असते. मापाच्या निकषाने तेच श्रेष्ठ ठरतील. परंतु दगडविटांवर गोणपाट अंथरून चिखल लिंपणाऱ्या, हळीव पेरून तो उगवण्याची वाट पाहणाऱ्या मुलास दरवाजा कोठे ठेवावा हा निर्णय स्वतः घ्यावा लागतो, आणि चुकीचा का होईना, तो निर्णय म्हणजे दुर्गरचनेविषयीचे त्याचे विधान असते. विकतच्या किल्ल्यात विधान दुसऱ्याचे असते.

सण संपला की किल्ला मोडतो आणि मूर्ती पेटीत जातात. पुढील वर्षी त्याच मूर्ती घेऊन नवा किल्ला रचला जातो. काचेखाली वर्षानुवर्षे राहणाऱ्या प्रतिकृतीहून हा प्रकार भाषेच्या अधिक जवळ आहे : शब्दसंग्रह टिकतो, वाक्य मात्र दर वेळी नव्याने जुळवावे लागते. त्या वाक्यांचा संग्रह छायाचित्रे व करणाऱ्यांची निवेदने या रूपाने पेठापेठांतून दर वर्षी केला गेल्यास चिन्हव्यवस्थेच्या अभ्यासास मोलाची सामग्री उपलब्ध होईल. कुंभारवाड्यातील साच्यांची मोजदाद हा त्या कामाचा पहिला टप्पा असावा. कोणत्या मूर्ती घडतात आणि कोणत्या घडत नाहीत, हे तेथेच प्रथम कळेल.