हास्केल भाषेतील क्रियाचिन्हे आणि अग्रक्रम : एक चिकित्सा

महाराष्ट्रातील शाळांतून ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले जाते. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी असा क्रम त्यातून सूचित होतो. हे सूत्र सोयीचे खरे, परंतु अक्षरशः पाळल्यास ते फसवे ठरते. १० − ४ + ३ या पदावलीत ‘बे’ हे ‘व’च्या आधी येते म्हणून ४ व ३ यांची बेरीज प्रथम केली, तर उत्तर ३ येते, वस्तुतः ते ९ आहे. बेरीज व वजाबाकी एकाच पायरीवर असून त्या डावीकडून उजवीकडे करावयाच्या असतात, ही गोष्ट सूत्रात मावत नाही. अग्रक्रम आणि साहचर्य ही दोन भिन्न तत्त्वे आहेत, हा भेद येथे प्रथम लक्षात घ्यावयास हवा.

फलनप्रधान भाषांमध्ये या प्रश्नाला विशेष महत्त्व येते. त्यांपैकी हास्केल या भाषेची आखणी करण्यासाठी १९८७ साली एक समिती स्थापन झाली व १९९० साली भाषेचे पहिले विवरण प्रसिद्ध झाले. या भाषेत आज्ञावली लिहिणाऱ्यास नवी क्रियाचिन्हे निर्माण करता येतात आणि प्रत्येक चिन्हास ० ते ९ यांपैकी एक पायरी, तसेच डावे, उजवे किंवा ‘साहचर्य नाही’ यांपैकी एक गुण देता येतो. गुणाकार सातव्या, तर बेरीज व वजाबाकी सहाव्या पायरीवर आहेत. समानतेचे चिन्ह ‘==’ चौथ्या पायरीवर असून त्यास साहचर्यच नाही; त्यामुळे अ == ब == क असे लिहिल्यास भाषा ते स्वीकारीतच नाही. संदिग्ध वाक्याचा मनमानी अर्थ लावण्यापेक्षा ते नाकारावे, ही भूमिका सर्वथा प्रशंसनीय होय.

या सर्व पायऱ्यांच्या वर फलनाचा प्रयोग येतो. त्यासाठी वेगळे चिन्ह नाही; फलन व त्याचे पद शेजारी ठेवले की पुरे. ‘वर्ग ३ + १’ याचे मूल्य १० होते, १६ नव्हे. आपल्या सूत्रातील ‘चे’ नेमके हेच कार्य करतो : ‘३ चा वर्ग’ आधी, बाकी नंतर. जी क्रिया सर्वांत अधिक वेळा घडते तिला सर्वांत कमी शाई आणि सर्वांत घट्ट बंध देणे, हा या रचनेचा मर्मगुण आहे.

साहचर्याची निवडही बहुधा सहेतुक आहे. दोन याद्या जोडणारे ‘++’ उजवीकडून बांधले जाते. मूल्याच्या दृष्टीने दिशा कोणतीही चालली असती. परंतु डावीकडून कंस घातल्यास आरंभीची यादी पुनःपुन्हा ओलांडावी लागून श्रम वाढतात. म्हणजे येथे साहचर्य अर्थ ठरवीत नसून खर्च ठरविते.

‘$’ या चिन्हाविषयी मात्र मतभेदास जागा आहे. ते स्वतः काहीच नवे करीत नाही. डावीकडील फलन उजवीकडील पदास लावणे, एवढेच त्याचे काम. त्याचे सारे सामर्थ्य शून्याव्या पायरीत आहे. ‘फ (ग (ह क्ष))’ याऐवजी ‘फ $ ग $ ह क्ष’ असे लिहिता येते व कंसांची रांग टळते. हे चिन्ह नव्हे, विरामचिन्ह आहे, असा आक्षेप घेता येईल. तथापि तो पूर्णतः ग्राह्य नाही. ‘($ ३)’ हे स्वतंत्र फलन म्हणून फलनांच्या यादीवर चालविता येते. विरामचिन्हास हे साधत नाही.

खरा दोष अन्यत्र आहे. ‘फ . ग क्ष’ असे लिहिणारा नवशिका ‘(फ . ग) क्ष’ असा अर्थ अपेक्षितो, पण शेजारचा प्रयोग अधिक घट्ट असल्याने ‘फ . (ग क्ष)’ असा अर्थ होतो. ही चूक बहुधा प्रकारांच्या तपासणीत पकडली जाते. उलट ‘−७ `मॉड` ३’ याची गोष्ट वेगळी. उणे चिन्हाची पायरी सहावी व ‘मॉड’ची सातवी असल्याने ७ ला ३ ने भागून उरणारी बाकी प्रथम काढली जाते आणि उत्तर −१ येते, ‘(−७) `मॉड` ३’ याचे उत्तर मात्र २ आहे. दोन्ही उत्तरे पूर्णांकच असल्यामुळे संकलक काही बोलत नाही. बोलकी चूक आणि मूक चूक यांतील हे अंतर अग्रक्रमाच्या चर्चेत सहसा दुर्लक्षिले जाते.

दुसरा दोष दहा पायऱ्यांच्या शिडीचा. सहा व सात यांच्यामध्ये नवे चिन्ह बसविण्यास जागा नाही. शिवाय ज्या दोन चिन्हांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, त्यांचीही तुलना अंकांमुळे अटळ होते. ‘<>’ व ‘+’ ही दोन्ही सहाव्या पायरीवर, परंतु विरुद्ध दिशांची. कंसांवाचून ती एकत्र आल्यास पदावली अग्राह्य ठरते. त्याहून विचित्र म्हणजे, कर्त्याने चिन्हाची पायरी सांगितलीच नाही, तर त्यास नववी पायरी व डावे साहचर्य मिळते. म्हणजे विस्मृतीचे फळ सर्वांत घट्ट बंध! स्विफ्ट या भाषेने २०१६ साली अंक सोडून चिन्हांचे गट व त्यांतील ‘याहून वरचा, याहून खालचा’ असे सापेक्ष संबंध स्वीकारले. ही दिशा तर्कदृष्ट्या अधिक निर्दोष वाटते, कारण जेथे संबंध सांगितलेला नाही तेथे कंसाची मागणी करता येते.

सारांश, हास्केलची संकेतपद्धती तिच्या मध्यवर्ती निवडीत उत्तम असून कडेला दुबळी आहे. अंकगणिताचा रूढ क्रम आणि फलनप्रयोगाचे प्राधान्य यांवर वाचकाने निःशंकपणे विसंबावे. परंतु अपरिचित चिन्हाची पायरी त्याच्या रूपावरून अथवा प्रकारावरून ओळखता येत नाही. ती व्याख्येपाशी जाऊनच पाहावी लागते. म्हणून जेथे चुकीचा अर्थही संकलकास मान्य होण्यासारखा आहे, तेथे कंस घालणे हे अनावश्यक पाल्हाळ नसून लेखकाचे कर्तव्य आहे.