पाइपातले पाणी आणि आलेखातली सरळ रेघ

इस्लामपूरच्या परिसरात कृष्णेचे पाणी पाइपातून उसाला चढवणे ही रोजची गोष्ट. त्यामुळे पाइपातील प्रवाहाचे गणित मुलांना संगणकावर करायला द्यावे, ही कल्पना मला आवडली. शिक्षकांसाठी केलेली अशी एक पायथॉन आज्ञावली नुकतीच पाहण्यात आली. एकके चोख आहेत, आलेखाच्या अक्षांवर नावे आहेत (हेही विरळाच!). घोटाळा आहे तो सूत्रात.

सूत्र वापरले आहे प्वाझय यांचे. या फ्रेंच डॉक्टरांनी १८४० च्या सुमारास अतिशय बारीक नळ्यांवर प्रयोग केले होते. पाणी थराथराने, शांतपणे सरकत असेल तरच ते सूत्र लागू पडते. वेग वाढला की ही शिस्त मोडते व भोवरे उठतात, हे रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवले. घनता, वेग व व्यास यांच्या गुणाकाराला श्यानतेने भागले की रेनल्ड्स अंक मिळतो. तो साधारणपणे २००० च्या खाली हवा.

आता १० सें.मी. व्यासाचा, १ कि.मी. लांबीचा गुळगुळीत पाइप घ्या. त्यातून सेकंदाला ७.५ लिटर पाणी जाते आहे. रेनल्ड्स अंक येतो सुमारे ९५,०००! आज्ञावली सांगते, घर्षणात ३१ सें.मी. उंची खर्च होईल. ब्लासियस यांच्या १९१३ च्या सूत्राने हीच उंची सुमारे ८.४ मीटर येते. पहिल्या उत्तरावर विसंबून पंप घेणाऱ्या शेतकऱ्याला ठरलेले पाणी मिळणारच नाही. बेंड आणि फूटव्हॉल्व्ह यांचा अडथळा आणखी वेगळा. याच पाइपात प्वाझय यांचे सूत्र चालवायचे, तर पाणी इतके सावकाश सोडावे लागेल की १५ लिटरची बादली भरायला दीड मिनिट लागेल. इथे ती दोन सेकंदांत भरते.

आलेखही सरळ रेघेचा निघतो. प्रवाह दुप्पट केला की घर्षणातली हानी दुप्पट, असे मुलगा त्यावरून शिकतो. प्रत्यक्षात ती सुमारे ३.४ पट होते. संगणक मात्र कुठेही अडत नाही, कारण गुणाकार-भागाकार बरोबरच आहेत.

दुरुस्ती अवघड नाही. आधी रेनल्ड्स अंक काढावा आणि मग सूत्र निवडावे. मात्र २००० ते ४००० या पट्ट्यात प्रवाह कधी शांत, कधी खवळलेला असतो. तिथे बिंदू जोडू नयेत. आलेखात ती जागा मोकळी सोडावी आणि ती मोकळी का, हे मुलांना विचारावे.