तसबिरीतली सवत

'हम पाँच' म्हटले की लोकांना काजलभाई आठवते. भिंतीवरची बाई सहसा कुणाला आठवत नाही. मला मात्र त्या मालिकेत अभ्यासाजोगे काही असेल तर ती बाईच, असे वाटते.

झी टीव्हीवर १९९५ साली सुरू झालेल्या या हिंदी मालिकेत आनंद माथुर (अशोक सराफ) हा पाच मुलींचा बाप. थोरल्या तिघी पहिल्या बायकोच्या, धाकट्या दोघी दुसऱ्या बायकोच्या, म्हणजे बीनाच्या (शोमा आनंद). पहिली वारलेली, पण तसबिरीतून ती नवऱ्याशी बोलते आणि तिचे बोलणे फक्त त्यालाच ऐकू येते. आज एखादा भाग पुन्हा पाहताना घाट लगेच ओळखू येतो. मुली घोळ घालतात, बाप कात्रीत सापडतो आणि तसबिरीपुढे येऊन गाऱ्हाणे मांडतो. ती वरून एक टोमणा टाकते.

कल्पना परकी वाटावी अशी आहे. नोएल कॉवर्डच्या 'ब्लाइद स्पिरिट' (१९४१) या नाटकातही मेलेली पहिली बायको फक्त नवऱ्याला दिसते. पण कॉवर्डची एल्व्हिरा घरभर हिंडते आणि तिने रचलेल्या अपघातात दुसरी बायको मरते. आपली बाई खिळ्यावरून हलत नाही. हा फरक मला मोलाचा वाटतो, कारण हिंडणारी सवत आपल्याकडेही होती.

आमच्या जालना भागात काय किंवा एकूण महाराष्ट्रात काय, बिजवराला दिलेल्या मुलीच्या मनात पहिलीची धास्ती असे. अहेव मेलेली बाई संसारात जीव अडकून मागे राहते, अशी समजूत. म्हणून तिच्या नावाचा चांदीचा टाक घडवून दुसरीच्या गळ्यात बांधायचा किंवा देव्हाऱ्यात बसवायचा. नवे लुगडे आधी तिला दाखवायचे, मग आपण नेसायचे. भाद्रपदातल्या अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची. या सगळ्यात नवऱ्याचे काम फारसे नाही. व्यवहार दोन बायकांमधला आहे: भीतीचा, मानपानाचा, आणि कधीकधी, मी तर म्हणेन, मायेचाही. जिला कधी पाहिले नाही तिची मुले दुसरी वाढवत असते. तिच्याशी काही बोलणे तिला भागच असते.

मालिकेने नेमका हाच धागा कापला. बीनाला पहिलीचा आवाज ऐकूच येत नाही. गळ्यातला टाक भिंतीवर गेला आणि सवत-सवतीचे नाते नवऱ्याच्या खासगी थट्टेचा विषय झाले. भीती गेली ही गोष्ट चांगलीच. अंगात येणे, उतारे, देवऋषी यांतून कितीतरी बायकांचे हाल झाले आहेत. पण भीतीबरोबर दुसरीचा मेलेलीवरचा हक्कही गेला.

त्यात भूमिका प्रिया तेंडुलकरांची. १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींच्या 'रजनी'त ही बाई अडवणूक करणाऱ्यांना भर रस्त्यात जाब विचारत होती. टॅक्सीवाल्यांवरच्या भागानंतर मुंबईत टॅक्सीचालकांनी निदर्शने केली होती. तिला दहा वर्षांनी चौकटीत बसवले आणि श्रोता एकच ठेवला. हे कुणी ठरवून केले असेल असे मला वाटत नाही. पण थोरली मीनाक्षी, तिचीच मुलगी, उठल्यासुटल्या स्त्रीहक्काच्या घोषणा देते आणि त्यावर हशा पिकतो, तेव्हा भिंतीकडे नजर जाते. तेंडुलकरांचा संवाद मात्र कोरडा, नेमका. सराफांच्या तारांबळीपुढे तो हवाच होता. रडवी आत्मा उभी केली असती, तर मालिका दहा भागांत बसली असती. १९ सप्टेंबर २००२ रोजी त्या गेल्या. त्यानंतर ती तसबीर पाहताना हसू जरा उशिराच येते.

दुसरी मुलगी राधिका. चष्मा, पुस्तके आणि कानाला यंत्र. ही भूमिका काही काळ विद्या बालननेही केली. आई तसबिरीतून बोलते आहे आणि त्याच घरात तिची मुलगी कानाला यंत्र लावून वावरते आहे. लेखकाच्या हाती इतके आयते आलेले असताना यंत्रावरचे विनोद काहीचे बाही ऐकण्यापलीकडे जात नाहीत.