‘ॲब्सर्ड’ : दोष स्वराचा की श्रवणाचा?

इंग्रजी ‘ॲब्सर्ड’ या शब्दाचे प्रतिशब्द म्हणून ‘हास्यास्पद’, ‘मूर्खपणाचे’ आणि ‘असंगत’ हे तिन्ही शब्द आपण एकाच ओळीत बसवितो. परिणामी बेकेटची नाटके मूर्खपणाची ठरविणारी विधाने विद्यार्थ्यांच्या निबंधांत आढळतात. शब्दाचा इतिहास पाहिल्यास हा घोटाळा टळण्यासारखा आहे.

मार्टिन एस्लिन यांनी १९६१ सालच्या आपल्या ग्रंथात या शब्दाचा मूळ अर्थ ‘सुसंवादाबाहेरचा’ असा संगीतातून घेतला. तो यथार्थ होय. वक्त्याच्या बेसूर आवाजाला सिसेरो हेच विशेषण लावतो. परंतु एवढ्याने शब्द संपत नाही. त्यातील ‘सुर्दुस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘बहिरा’. आणि ‘ज्याचा आवाज ऐकू येत नाही तो’ या अर्थीही तो येतो. म्हणजे ऐकणाऱ्याचे विशेषण ध्वनीला चिकटले. अपरिमेय मुळांना अरब गणिती ‘असम्म’, म्हणजे बहिरी, म्हणत. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने त्याचे ‘सुर्दुस’ असे भाषांतर केले, आणि त्यातूनच आपण जिला करणी म्हणतो तिचे ‘सर्ड’ हे इंग्रजी नाव आले. व्हिटनीने १८७९ च्या संस्कृत व्याकरणात क, च, ट या वर्णांना ‘सर्ड’च म्हटले आहे. आपल्या प्रातिशाख्यकारांनी त्यांना ‘अघोष’ म्हटले. त्यात कोणाच्या कानाचा संबंध नाही. हीच संज्ञा मला अधिक शास्त्रशुद्ध वाटते, आणि हे केवळ स्वदेशाभिमानाने म्हणत नाही. (‘सुर्दुस’चा संबंध काहीजण आपल्या ‘स्वर’ शब्दातील धातूशी जोडतात. तर्क मोहक आहे, सिद्ध नव्हे.)

अर्थांतराच्या दृष्टीने ‘ॲब्सर्ड’चा खरा सोयरा मराठीत ‘बेताल’ हा आहे. तोही संगीतातून निघून विवेकशून्य बोलण्यापर्यंत पोहोचला. मात्र ‘बेताल’मध्ये सारा दोष बोलणाऱ्याचा, नाट्यसमीक्षेत तो चालणार नाही. काम्यूने १९४२ मध्ये मांडलेली कल्पना याहून निराळी आहे. त्याच्या मते ही विसंगती ना एकट्या माणसात असते, ना एकट्या जगात. माणूस विचारतो आणि जग मौन राहते, या गाठीतून ती उद्भवते. येथे बहिरेपण पुन्हा ऐकणाऱ्याकडे परतले आहे, मग काम्यूला ही व्युत्पत्ती अभिप्रेत असो वा नसो.

म्हणून ‘मूर्खपणाचे’ हा प्रतिशब्द निदान समीक्षेत तरी टाकून द्यावा. ‘असंगत’ ठेवावा, कारण संगती दोघांत असते आणि दोघांत तुटते. त्यातून निसटते ते एवढेच, की हाक गेली आणि ती कोणी ऐकली नाही. ते वर्गात तोंडीच सांगावे लागेल.