गहू 10, तांदूळ 15, दर शून्य

रसग्रहण कवितेचं करावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. आज मी चार बोटं रुंदीच्या एका कागदाचं करणार आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात, जुनी माणसं ज्याला अजून ‘कंट्रोल’ म्हणतात तिथे, ई-पॉस यंत्रावर अंगठा लावला की हा कागद सरसरत बाहेर येतो. त्याला शाई लागत नाही, उष्णतेनं अक्षरं उमटतात. म्हणून काही दिवस उन्हात राहिला तर मजकूर उडून जातो आणि कोरा कागद उरतो.

पाच माणसांच्या कुटुंबाची पावती घेऊ. दुकानाचा क्रमांक, शिधापत्रिकेचा क्रमांक, तारीख, वेळ. खाली: गहू 10, तांदूळ 15, दर 0.00. एवढ्या मजकुरात क्रियापद एकही नाही. मराठी वाक्य शेवटी क्रियापदावर येऊन टेकतं आणि इथे ती जागा रिकामी आहे. क्रियापद यंत्राच्या काचेवर राहिलंय, अंगठ्याच्या ठशात. नेलं, मिळालं, पोचलं यांतलं कुठलंही वाचा, चालतं.

पंधरा आणि दहा हे आकडे 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यातून आलेत, माणशी 5 किलो. अंत्योदय कार्ड असतं तर माणसं न मोजता घरटी 35 किलो आले असते. शून्य मात्र नवं आहे. 2022 च्या डिसेंबरपर्यंत तिथे तांदळाला 3 आणि गव्हाला 2 रुपये होते. 1 जानेवारी 2023 पासून धान्य मोफत झालं. पैसे गेले तरी दराचा रकाना राहिला. मला ही गोष्ट आवडते. रकानाच काढून टाकला असता तर इथे काही किंमत होती, हेही पुसलं गेलं असतं.

या पावतीतली सर्वांत सुंदर ओळ छापलेलीच नसते. अंगठा ज्या बारा अंकांशी जुळवला जातो ते अंक पडद्याआड राहतात. त्यांची कथा याच जिल्ह्यात सुरू झाली. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले.

आता या अंकांशेजारी नंदुरबारचा पिन ठेवून पाहा: 425412. पहिला 4 टपालाचा विभाग सांगतो, 425 म्हटलं की खानदेश डोळ्यांसमोर येतो आणि शेवटचे तीन अंक थेट पोस्टाच्या दारात नेऊन सोडतात. 1972 साली ही रचना केली ती श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आणि वेलणकर संस्कृतचे कवी होते. त्यांचा प्रत्येक अंक अर्थ वाहतो. आधारचे अंक जाणूनबुजून अर्थहीन ठेवलेत. त्यांवरून गाव कळत नाही, जात कळत नाही, जन्मसाल कळत नाही. एका रचनेत सगळा अर्थ, दुसरीत कटाक्षानं काहीच नाही. जागेला नाव हवं असतं. भिल्ल-पावऱ्यांच्या मुलुखात माणसाच्या क्रमांकावरून त्याची जमात ओळखू येऊ नये, हेच बरं.

तरी बारावा अंक रिकामा नाही. तो राखणदार आहे. आधीच्या अकरा अंकांवरून तो काढतात, तो डच गणिती व्हेरहूफ यांनी 1969 मध्ये मांडलेल्या रीतीनं. लिहिताना 47 चे 74 करणं ही आपली नेहमीची चूक. साध्या बेरजेला ती कळत नाही, कारण 4 आणि 7 कोणत्याही क्रमानं घ्या, उत्तर 11 च येतं. व्हेरहूफ यांनी बेरीज सोडली आणि पंचकोन धरला. कागदाचा पंचकोन आधी फिरवा आणि मग उलटा करा. दुसऱ्यांदा आधी उलटा करा आणि मग फिरवा. कोपरे वेगवेगळ्या जागी येतात. क्रमाला महत्त्व आहे अशी ही आकडेमोड असल्यामुळे एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर चूक दरवेळी पकडली जाते. मात्रावृत्तात एक मात्रा ढळली की जाणकाराचा कान अडखळतो, तसंच आहे हे.

आतापर्यंत पावती आडवी वाचली. ती वरच्या दिशेनंही वाचली जाते. दुकानदाराच्या वहीत जे महिनाअखेरीला एकदम लिहिलं जायचं, ते आता विक्रीच्या क्षणी सर्व्हरवर जातं. कोणत्या दुकानात किती माल उरला ते कळतं, म्हणून पुढचं नियतन, म्हणजे दुकानाला द्यायचा धान्याचा कोटा, ठरवायला अंदाजावर विसंबावं लागत नाही. 9 ऑगस्ट 2019 पासून महाराष्ट्र आणि गुजरात यांनी एकमेकांची कार्डं चालवायला सुरुवात केली. दिवाळीनंतर ऊसतोडीला बारडोली-सुरतेकडे जाणाऱ्या नंदुरबारच्या कुटुंबासाठी याचा अर्थ सरळ आहे: कार्ड गावचं, धान्य सुरतेचं. पोतं गावात आणि माणूस दुसऱ्या राज्यात, ही जुनी विसंगती निदान कागदावर तरी मिटली.

5 डिसेंबर 2024 रोजी केंद्रानं ‘अन्न चक्र’ आणलं. जागतिक अन्न कार्यक्रम आणि दिल्लीच्या आयआयटीनं मिळून केलेलं हे काम. सुमारे 4.37 लाख दुकानं आणि 6,700 गोदामं यांच्यामधले वाहतुकीचे रस्ते गणितानं नव्यानं आखायचे. कोणत्या गोदामातून कोणत्या दुकानाला माल गेला तर अंतर कमी होईल, हे शोधायचं. 30 राज्यं मिळून वर्षाला 250 कोटी रुपये वाचतील, असा सरकारी अंदाज आहे. नकाशावर हे देखणं दिसतं. सातपुड्यात अंतर किलोमीटरनं मोजत नाहीत, घाट चढायला लागणाऱ्या वेळानं मोजतात. अक्राणीतल्या नर्मदाकाठच्या वस्त्यांसाठी त्या गणितात पावसाळा आणि नदी धरली नाही, तर सर्वांत जवळचा रस्ता बंद पडलेला रस्ता ठरू शकतो.

दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. या पावतीचा मोठा दोष तिचं मौन. अंगठा जुळला नाही तर तेवढं सर्व्हरला कळतं. नव्या यंत्रांत बुबुळावरूनही ओळख पटवता येते. पण रेंज नाही म्हणून दुकान बंद आहे हे ऐकून जी बाई निम्म्या डोंगरातून मागे फिरली, तिची पावती निघत नाही. आकड्यांत ती ‘उचल नाही’ म्हणून दिसते, आणि विश्लेषण करणाऱ्याला वाटतं, गरज नसेल. न उचललेलं धान्य आणि न मिळालेलं धान्य यांना एकाच रकान्यात बसवणारी रचना अपुरी आहे, मग तिचा बारावा अंक कितीही चोख असो.

काठी गावची होळी आली की ऊसतोडीची माणसं डोंगरात परततात. त्या महिन्याचं नियतन आखताना ती होळी धरलेली असली पाहिजे. सर्व्हरवरच्या उचलीत ती शोधणं काही अवघड नाही.

तोवर पावती मागून घ्या. किलो आणि दर दोन्ही तपासा, आणि उन्हात ठेवू नका. आकडा आणि पोतं जुळत नसतील, तर तक्रारीचा क्रमांक 1967.